लेकाच्या कॉलेजचे पैसे: अटलांटाहून आलेलं एक पत्र

पत्र

नमस्कार ताई,

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर अमेरिकेत आले, आता अटलांटाजवळ राहते. माझे यजमान इथलेच, कृष्णवर्णीय. ते इलेक्ट्रिशियन आहेत, मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मुलगा अकरावीत आहे. जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ३.६. रसायनशास्त्र आवडतं. दर शनिवारी माझ्या दिरांच्या बार्बरशॉपमध्ये काम करतो. त्याला अटलांटातल्या मोरहाउस या कृष्णवर्णीय मुलग्यांच्या जुन्या खासगी कॉलेजला जायचंय, पण तिथला खर्च बघून आमचे डोळे पांढरे झाले. यजमान म्हणतात, "कर्ज काढायचं नाही." त्यांनी स्वतःचं कॉलेजचं कर्ज चाळिशीपर्यंत फेडलंय.

कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या असतात असं ऐकून होते. तर एकजण म्हणाली, सुप्रीम कोर्टाने आता ते सगळं बंद केलं. मुलगा म्हणतो, "मला कुणाची दया नको, माझ्या मार्कांवर मिळेल ते घेईन." आणि साताऱ्याहून माझी मोठी बहीण फोनवर म्हणते, "अगं, तो अर्धा आपला आहे, त्याला रंगावरचे पैसे कशाला?" मला तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. आमचं उत्पन्न असं, की मदत मागायला जास्त आणि फी भरायला कमी. काय करू?

एक आई, अटलांटा

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात चार माणसांचे चार प्रश्न आहेत. सगळ्यांची उत्तरं देते, पण सुरुवात पैशांपासून करते, कारण तारखा पैशांना असतात, मतभेदांना नसतात. मी इथल्या सरकारी शाळेत बरीच वर्षं समुपदेशक होते. दर वर्षी एकच गोष्ट बघायची: घरातली माणसं उन्हाळाभर "कृष्णवर्णीय मुलांसाठी शिष्यवृत्ती" असं इंटरनेटवर शोधत बसायची, पाचशे-हजार डॉलरसाठी निबंध लिहायची, आणि ज्या फॉर्मवर वर्षाला हजारो डॉलर अवलंबून असतात तो फॉर्म फेब्रुवारीत घाईघाईने भरायची. तुम्ही क्रम उलटा ठेवा. सगळ्यात मोठे पैसे केंद्र सरकार, राज्य सरकार आणि खुद्द कॉलेज यांच्याकडे असतात. संस्थांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या त्यानंतर.

पहिला फॉर्म फाफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी केंद्र सरकारकडे मदत मागायचा अर्ज. एरवी तो एक ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. त्यात दोन वर्षांपूर्वीचं कर-विवरण लागतं, म्हणून यंदा पगार वाढला किंवा घटला तरी फॉर्मला ते दिसत नाही. खरंच उत्पन्न घटलं असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला वेगळं पत्र लिहून सांगावं लागतं, आणि ते लिहायला लाजू नका. तुम्ही दोघं कर एकत्र भरत असाल तर त्या साइटवर आईवडिलांपैकी एकाचंच खातं पुरतं. पण ते खातं आधीच काढून ठेवा, ऐनवेळी ओळख पटवण्यात आठवडे जातात. या फॉर्मवरून पेल ग्रँट ठरते, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना केंद्र सरकारचं अनुदान, जे परत करावं लागत नाही. २०२५-२६ साठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. तुमच्या दोघांच्या पगारावर ती कदाचित मिळणार नाही, मिळालीच तर थोडी. तरीही फॉर्म भरायचाच, कारण कॉलेज स्वतःची मदत ठरवताना बहुधा हाच कागद मागतं. काही खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा, जास्त खोलात जाणारा फॉर्म मागतात. मुलाच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं ते आत्ताच तपासून ठेवा.

दुसरे पैसे तुमच्या राज्याचे. जॉर्जियात राहता हे तुमचं नशीब समजा. १९९३ पासून इथे लॉटरीच्या पैशातून होप शिष्यवृत्ती दिली जाते. तिला उत्पन्नाची अट नाही आणि वंशाचीही नाही, शाळेत ३.० जीपीए लागतो. तिच्यावरची पायरी झेल मिलर: ३.७ जीपीए आणि कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत एका बैठकीत किमान १२०० गुण. तुमचा मुलगा ३.६ वर आहे असं तुम्ही लिहिता, पण तो शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचा आकडा असणार. राज्य फक्त मुख्य विषय धरून स्वतःचा हिशेब करतं आणि तो वेगळा निघतो, कधी वर, कधी खाली. राज्याच्या जीएफ्यूचर्स या साइटवर मुलाचं खातं उघडलं की राज्याने काढलेला आकडा दिसतो. आजच बघा. ३.६५ असेल तर बारावीच्या पहिल्या सत्रातलं रसायनशास्त्र आणि गणित यांची किंमत हजारो डॉलर आहे, आणि हे मुलाला आकड्यात दाखवलं की तो तुमच्या सांगण्याशिवाय अभ्यासाला बसेल. होप सरकारी कॉलेजात शिकवणी शुल्क भरते, मोरहाउससारख्या खासगी कॉलेजात ठरावीक रक्कम देते. राहण्याजेवणाचा खर्च दोन्हीकडे तुमचाच. आणि ती टिकवावी लागते: कॉलेजातले ३०, ६० आणि ९० क्रेडिट तास (अभ्यासक्रम मोजायचं माप) झाले की जीपीए तपासतात, ३.० च्या खाली गेला की शिष्यवृत्ती जाते. पहिल्या वर्षी अवघड विषयांची गर्दी करून होप गमावलेली हुशार मुलं मी बरीच पाहिली आहेत.

आता मोरहाउस. खर्च राहण्याजेवणासह वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे आहे, त्यामुळे डोळे पांढरे होणं साहजिक आहे. पण जाहीर केलेला खर्च आणि तुमच्या घराला पडणारा खर्च यांत फरक असतो. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारी सोय कायद्याने ठेवावी लागते. दोघांनी मिळून एका संध्याकाळी मोरहाउस, जॉर्जिया स्टेट, जॉर्जिया टेक आणि आणखी दोनेक कॉलेजांचे आकडे काढा आणि शेजारी-शेजारी मांडा. त्या कागदाशिवाय घरात मोरहाउसवर वाद घालू नका.

पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांची मदतपत्रं येतील. फसगत होते ती इथे, म्हणून एक पत्र कसं वाचायचं ते दाखवते. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. समजा वर्षाचा खर्च ५२,००० डॉलर. पत्रात लिहिलेलं असेल: कॉलेजचं अनुदान १७,०००, राज्याची मदत ५,०००, विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज ५,५००, कॉलेजातल्या कामाचा मोबदला २,५००, पालकांचं प्लस कर्ज (पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज) २०,०००. बेरीज ५०,०००. खाली ठळक अक्षरात "तुम्ही भरायचे: २,०००". मुलगा आनंदाने उडी मारतो, आई देवापुढे साखर ठेवते. आता पेन घ्या आणि कर्जाच्या ओळी खोडा. कामाचा मोबदलाही खोडा, कारण तो वर्षभर काम केल्यावर थोडा-थोडा हातात येतो, ऑगस्टचं बिल त्याने भरता येत नाही. उरतात २२,०००. म्हणजे घरावरचा बोजा वर्षाला ३०,००० आणि चार वर्षांत १,२०,०००, तोही फी वाढली नाही तर. आणखी एक: १ जुलै २०२६ पासून पालकांच्या प्लस कर्जावर मर्यादा आली आहे, एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर. वर्षाला वीस हजारांच्या हिशेबाने चौथ्या वर्षी पाच हजारच शिल्लक राहतात. तीन वर्षं शिकून चौथ्या वर्षी पैशापायी घरी बसणं यापेक्षा वाईट काही नाही, कारण तेव्हा कर्ज असतं आणि पदवी नसते.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याला मी मान देते. त्यांनी जे भोगलं ते त्यांच्या एकट्याचं नाही. २०१९ च्या मे महिन्यात मोरहाउसच्या पदवीदान समारंभात रॉबर्ट स्मिथ या उद्योगपतींनी जाहीर केलं, की त्या वर्षीच्या सगळ्या पदवीधरांचं शैक्षणिक कर्ज ते फेडणार. जवळपास चारशे मुलं होती, रक्कम झाली तीन कोटी चाळीस लाख डॉलर. जगभर बातमी झाली. मला त्या बातमीत दुसरी गोष्ट टोचली: एका छोट्या कॉलेजातली एका वर्षाची मुलं एवढं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडत होती. तरी "एक डॉलरही कर्ज नको" अशी शपथ घालू नका. मुलाच्या नावावरचं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० पर्यंतच मिळतं, ते पेलण्याजोगं असतं. पालकांचं कर्ज आणि बँकेचं खासगी कर्ज यांपासून मात्र दूर राहा. यजमानांशी बोलताना ही दोन कर्जं वेगळी करून बोला, मला वाटतं ते ऐकतील.

आता कायद्याचं. तुमच्या मैत्रिणीने सांगितलं ते अर्धं खरं आहे. २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. निकाल प्रवेशाबद्दलचा होता, पण त्यानंतर अनेक विद्यापीठांनी आणि संस्थांनी शिष्यवृत्त्यांचे नियमही बदलले. सरकारी विद्यापीठांत तर ही घसरण जुनीच: मेरीलँड विद्यापीठाची फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेली बॅनेकर शिष्यवृत्ती १९९४ मध्येच अपील कोर्टाने रद्द ठरवली होती. खासगी संस्थांनाही आता कोर्टात खेचतात. तुमच्याच अटलांटातल्या फिअरलेस फंडचं प्रकरण वाचलं असेल. कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांना अनुदान देणारा हा फंड २०२४ मध्ये अपील कोर्टात हरला, आणि तोही १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला तो कायदा! मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. पण रागाने फॉर्म भरता येत नाहीत.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: मागच्या वर्षीची यादी वाचून कुठे अर्ज करू नका, प्रत्येक शिष्यवृत्तीचा या वर्षीचा पात्रतेचा परिच्छेद वाचा. पुष्कळ ठिकाणी "कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी" हे शब्द गेले आहेत आणि काम तेच राहिलं आहे. असं घडू शकतं याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी या सरकारी विद्यापीठात १९८८ मध्ये फ्रीमन ह्रबाउस्की या गणिताच्या प्राध्यापकांनी मेयरहॉफ शिष्यवृत्ती उभी केली. हे ह्रबाउस्की बारा वर्षांचे असताना, १९६३ मध्ये, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला वंशभेदाविरुद्ध निघालेल्या मुलांच्या मोर्चात सामील झाले म्हणून तुरुंगात गेले होते. रॉबर्ट मेयरहॉफ या दानशूर गृहस्थांना वाटत होतं, की कृष्णवर्णीय मुलगा म्हटला की टीव्हीवर एक तर खेळाडू दिसतो नाहीतर गुन्हेगार, हे बदलायला हवं. १९८९ ला पहिली तुकडी आली: १९ कृष्णवर्णीय मुलगे, सगळे विज्ञान आणि अभियांत्रिकीचे. पैशांबरोबर त्यांना उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास, प्रयोगशाळेतलं काम आणि मागे लागणारी माणसं मिळाली. पुढच्या वर्षी मुलींना घेतलं, १९९६ पासून ती सगळ्या वंशांच्या मुलांना खुली झाली. तरीही विज्ञानात डॉक्टरेट करणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी घडवण्यात तिचं नाव देशात आजही अग्रभागी आहे. कोविडच्या लसीच्या संशोधनात पुढे असलेल्या किझमेकिया कॉर्बेट तिथल्याच. तुमच्या मुलाला रसायनशास्त्र आवडतं. मोरहाउससोबत ही शिष्यवृत्तीही त्याच्या यादीत हवी, असं मी आग्रहाने सांगते. चारही वर्षांची मोठी मदत आणि शिवाय आपल्यासारखीच ओढ असलेल्या मुलांची संगत, असा योग फार कमी ठिकाणी येतो. शिक्षक व्हायची त्याला किंचितही इच्छा असेल तर दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठातून सुरू झालेला "कॉल मी मिस्टर" कार्यक्रमही बघा. प्राथमिक शाळांत कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक फार थोडे असतात, त्यासाठीच तो उभा राहिला.

देशपातळीवरच्या नावाजलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी थोड्याच निवडा, वीस नकोत. रॉन ब्राउन स्कॉलर ही कृष्णवर्णीय बारावीच्या मुलांसाठी, चार वर्षांत ४०,००० डॉलर. अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात. जॅकी रॉबिन्सन फाउंडेशन त्या थोर बेसबॉलपटूच्या पत्नी रेचेल यांनी १९७३ मध्ये स्थापन केलं. तिथे चार वर्षांत ३५,००० पर्यंत मिळतात, आणि त्यांचं मार्गदर्शन पैशांपेक्षाही मोलाचं आहे. कोका-कोला स्कॉलर्स सगळ्यांना खुली आहे, दीडशे मुलांना प्रत्येकी २०,०००, अर्ज सप्टेंबरअखेर बंद. मोरहाउसला जायचं ठरलं तर कृष्णवर्णीय कॉलेजांसाठी निधी जमवणाऱ्या, १९४४ पासून चालत आलेल्या यूएनसीएफ या संस्थेच्या साइटवर एकदा माहिती भरून ठेवली की बऱ्याच लहान-मोठ्या शिष्यवृत्त्या तिथेच दिसतात. गेट्स शिष्यवृत्तीचं नाव सगळे घेतात, पण ती पेल ग्रँटला पात्र मुलांसाठीच आहे. तुमचं उत्पन्न पाहता तिच्यात वेळ घालवू नका. अर्जासाठीच पैसे मागणारी किंवा "तुमची निवड झालीच आहे, बँकेचा तपशील पाठवा" म्हणणारी कुठलीही संस्था खोटी समजा.

स्थानिक पैसे मात्र मी तुम्हाला दुसऱ्या रस्त्याने शोधायला सांगणार आहे. तुमच्या दिरांचं बार्बरशॉप. शनिवारी सकाळी त्या खुर्च्यांवर कोण बसतं याचा मुलाने कधी विचार केलाय का? चर्चचे पास्टर, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, अल्फा फाय अल्फा, कॅपा अल्फा साय, ओमेगा साय फाय या कॉलेजात शिकलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या जुन्या बंधुसंघटनांचे सभासद. या संघटना शंभरहून जास्त वर्षांच्या आहेत, त्यांच्या गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांच्या शाखा दर वर्षी आपल्या भागातल्या मुलांना शिष्यवृत्ती देतात. हंड्रेड ब्लॅक मेन या मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेचं तर राष्ट्रीय मुख्यालयच अटलांटात आहे. या शिष्यवृत्त्या हजार-दोन हजारांच्या असतात, पण अर्ज करणारी मुलं मोजकी असतात, आणि देणारी माणसं मुलाला चेहऱ्याने ओळखतात. मुलाने झाडू मारता-मारता एवढंच विचारायचं: "सर, तुमच्या शाखेची शिष्यवृत्ती आहे का? अर्ज कधी निघतो?" दिरांनाही सांगून ठेवा. काका दुकानात चार लोकांपुढे पुतण्याचं कौतुक करतील ते कुठल्याही साइटवर मिळणार नाही.

एक सावधगिरी. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली की ती कॉलेजला कळवावी लागते, आणि काही कॉलेजं तेवढीच रक्कम स्वतःच्या अनुदानातून कापतात. मुलगा कष्टाने दोन हजार मिळवतो आणि घरचं बिल तेवढंच राहतं. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना अशा कपातीला मनाई केली, पण सगळीकडे तसं नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजला लेखी विचारा: बाहेरची शिष्यवृत्ती आली तर आधी काय कमी करता, कर्ज की अनुदान? कर्ज कमी करणारं कॉलेज चांगलं. तसंच, शिकवणी आणि पुस्तकांवर खर्च होणारी शिष्यवृत्ती करमुक्त असते, राहण्याजेवणावर खर्च झालेली करपात्र धरतात. तेवढं कर भरताना लक्षात असू द्या.

आता मुलाच्या "दया नको"कडे येते. हे त्याला वाचून दाखवा, मराठी समजत नसेल तर तुम्ही सांगा.

बाळा, तुझ्या राज्यातल्या जॉर्जिया विद्यापीठाला १७८५ मध्ये सनद मिळाली. पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे आले जानेवारी १९६१ मध्ये, तेही कोर्टाच्या आदेशाने: शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स. होम्स तेव्हा मोरहाउसमध्ये शिकत होता. त्याआधी तुझ्या वडिलांकडच्या कुणाही हुशार मुलाने तिथे अर्ज केला असता तरी उपयोग नव्हता, आणि त्या विद्यापीठाचा खर्च भागवणारा कर मात्र त्याच्या घरातून घेतला जात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांच्या शिक्षणाचा सरकारी कायदा आला. गोऱ्या सैनिकांची घरंच्या घरं त्याने मध्यमवर्गात आली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना विद्यापीठांची दारं बंद आणि त्यांची स्वतःची कॉलेजं गच्च भरलेली, त्यामुळे परतावं लागलं. आज कुणी तुझ्यासाठी पैसे बाजूला ठेवत असेल तर त्यात दया कुठे आली? आणि तुझ्या मार्कांना कुणी सूट देत नाही. रॉन ब्राउन काय किंवा मेयरहॉफ काय, तिथे पोचणारी मुलं मार्कांत कुणाच्याही तोडीस तोड असतात. १९७६ मध्ये देशातल्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांत कृष्णवर्णीय मुलगे ३८ टक्के होते, आता २६ टक्क्यांवर आलेत. देणाऱ्यांना ही काळजी आहे. त्यांना तू हवा आहेस.

निबंधाबद्दलही त्याच्याशी बोला. सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालात म्हटलंय, की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो. पण "माझी आई भारतीय, वडील कृष्णवर्णीय, मी दोन संस्कृतींचा पूल" असलं काही लिहू देऊ नका, ते वाचणारे रोज शंभर पूल ओलांडतात. बार्बरशॉपमधली एक शनिवारची सकाळ लिहू दे. पहिल्यांदा कात्री हातात दिली तेव्हा खुर्चीत कोण होतं, काका काय म्हणाले, क्लिपर निर्जंतुक करण्याच्या द्रावणात नेमकं काय असतं हे त्याने कधी शोधलं का. रसायनशास्त्राची आवड तिथूनच आली असेल तर निबंध तयारच आहे. लिहिलेलं त्याचंच राहू द्या, तुम्ही फक्त तारखा सांभाळा. फॉर्म आईने भरायचे, शब्द मुलाचे.

आणि तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा, नि एवढं नक्की सांगा. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थ बाजूला ठेवून काम केलं त्यांना. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले ते सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. सयाजीरावांनी दया केली असं आपण म्हणत नाही. मोरहाउसचे १९४० ते १९६७ इतकी वर्षं अध्यक्ष असलेले बेंजामिन मेज, ज्यांना मार्टिन ल्यूथर किंग गुरू मानत, त्या पदावर येण्याआधी भारतात येऊन गांधीजींना भेटले होते, आणि ती भेट आपल्या वर्ध्याला झाली होती. मेज यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. ताई म्हणतात तसा तुमचा मुलगा अर्धा त्यांचा नाही. तो पूर्ण त्यांचा आहे आणि पूर्ण त्याच्या वडिलांचाही. अटलांटात पोलिसाने गाडी थांबवली तर तो पोलीस त्याला साताऱ्याच्या आजीचा नातू म्हणून बघणार नाही. रस्त्यावर जी ओळख त्याला शंभर टक्के सोसावी लागते, ती शिष्यवृत्तीच्या अर्जात अर्धी का करायची? अर्जात जिथे वंश विचारतात तिथे दोन्ही खुणा करायची सोय असते. दोन्ही कराव्यात, दोन्ही खऱ्या आहेत.

कॉलेज लागल्यावरही एक गोष्ट लक्षात ठेवा. बरीच मुलं अभ्यासात नापास झाल्यामुळे शिक्षण सोडत नाहीत, काही शे डॉलरचं बिल थकलं म्हणून त्यांचं नाव कापलं जातं. जॉर्जिया स्टेटने हे ओळखून २०११ पासून अशा मुलांना छोटी तातडीची अनुदानं द्यायला सुरुवात केली, मुलाला अर्ज करायला न लावता, विद्यापीठच यादी बघून खात्यात पैसे टाकतं. ज्या कॉलेजात प्रवेश घ्याल तिथे अशी काही सोय आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा.

आणि हे सगळं बाजूला ठेवून या आठवड्यात करायचं काम एकच. पॉसी फाउंडेशन काही निवडक कॉलेजांत चार वर्षांचं पूर्ण शिकवणी शुल्क मिळवून देतं, अटलांटा त्यांच्या शहरांपैकी एक आहे, आणि वंशाची अट नाही. पण मुलगा स्वतः अर्ज करू शकत नाही, शाळेने किंवा एखाद्या संस्थेने त्याचं नाव सुचवावं लागतं, तेही अकरावी संपता-संपता, उन्हाळ्याच्या आत-बाहेर. सोमवारी सकाळी शाळेच्या समुपदेशकांना फोन करा आणि विचारा की नावं गेली का. गेली नसतील तर मुलाचं नाव घालायला सांगा, आणि त्याच भेटीत रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडे शिफारसपत्राचा शब्द टाकून ठेवा, म्हणजे सुट्टी लागण्याआधी त्यांना तो आठवत असेल.

तुमची,
ताई

ता.क. एप्रिलमध्ये मदतपत्रं आली की नावं झाकून मला पाठवा. आपण मिळून ओळी खोडू.